कुंभार गल्लीतून परदेशात कॅरेक्टर मॉडेलिंग शिकायला जायचंय, घर तारण ठेवण्याइतकं खरंच काही हाताला लागतं का?

शाडूमाती

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होतो, आज विचारतोच. शाहूपुरीत कुंभार गल्लीत घर आमचं. आप्पा गणपती करतात, आजोबा पण तेच करायचे, मी सहावीत असल्यापासून फिनिशिंगला बसतो. सध्या कोल्हापुरातच जीडी आर्ट करतोय, म्हणजे कलेचा डिप्लोमा, अप्लाइड, शेवटचं वर्ष. दोन वर्षं झाली यूट्यूब बघून ब्लेंडर आणि झीब्रश ही थ्रीडीची सॉफ्टवेअरं शिकलो, कॅरेक्टर मॉडेलिंग करतो, म्हणजे कॉम्प्युटरवर पात्रं घडवतो. सिनेमा असो गेम असो अ‍ॅनिमेशन असो, मला कॅरेक्टर बनवायचं काम पाहिजे आणि ते बाहेर जाऊन करायचंय.

राजारामपुरीत एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. तिथल्या मॅडमपुढं मोबाइल धरला काम दाखवायला तर म्हणाल्या ते नंतर, आधी बारावीचे मार्क सांगा. दहा मिनिटांत लंडनच्या एका युनिव्हर्सिटीचा एक वर्षाचा मास्टर्स काढून हातात दिला, 'क्रिएटिव्ह' का काहीतरी नाव होतं, फी आणि राहणं धरून ३४ लाख. बँक एवढ्याला घर तारण मागणार. आप्पांना सांगितलं तर ते साचा पुसत होते, मान पण वर केली नाही, म्हणाले मूर्ती करायला लंडनला कशाला जायला पाहिजे, लंडनची माणसं आपल्याकडनं मूर्ती घेऊन जातात की. आई काहीच बोलत नाही. २०१९ च्या पुराचं पाणी कारखान्यात शिरलं तेव्हा ऐन गणपतीच्या तोंडावर शाडूच्या सगळ्या मूर्तींचा चिखल झालता, त्याचं कर्ज फिटून दोनच वर्षं झालीत, त्यामुळं परत कर्ज म्हटलं की ती उठून आत जाते.

तर विचारायचं असं की बाहेरच्या युनिव्हर्सिटीत शिकून या लाइनीत खरंच काम मिळतं का, का नुसता शिक्का? कुणी गेलं असेल तर सांगा.

तांबडापांढरा

नाद खुळा! आधी एक ऐक, भारताला पहिलं ऑस्कर आणणारी बाई कोल्हापूरची, भानू अथय्या. वडील चित्रकार, स्वतः मुंबईला जेजे स्कूलमधे शिकल्या, १९८३ साली गांधी सिनेमाच्या कपड्यांसाठी बाहुली घेऊन आल्या. आणि प्रभात कंपनी १९२९ ला सुरू झाली ती पण इथंच, पुण्याला गेली नंतर १९३३ ला. तवा कुणी म्हणत आसंल कोल्हापूरच्या पोरांनी असली स्वप्नं बघू नयेत तर त्याला आधी मिसळ खायला घाल आणि मग हे सांग. कर्जाबिर्जाचं मला कळत नाय, ते शहाणी माणसं येतील मागनं.

पुणेरी_मी

मित्रा, थेट परदेशाची उडी कशाला मारतोस? प्रभातचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्याच स्टुडिओच्या जागेवर एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी संस्था आहे, तिथे आर्ट डायरेक्शन आणि प्रॉडक्शन डिझाइनचा कोर्स आहे. पवईला आयआयटीत आयडीसी हे डिझाइन स्कूल आहे, अहमदाबादला एनआयडी ही डिझाइनची संस्था, दोन्हीकडे अ‍ॅनिमेशनमधे एम डेस, म्हणजे डिझाइनचा मास्टर्स, होतं. प्रवेश अवघड आहे पण खर्च ३४ लाखांच्या जवळपासही नाही. एनआयडीची मुलं एक्स्चेंजवर सेमिस्टरभर बाहेर जाऊन येतात, म्हणजे घर न विकता परदेश बघून होतं. दादा, आधी इथलं दार ठोठाव.

शाडूमाती

धन्यवाद, पण मित्रा नाही आणि दादा पण नाही, मुलगी आहे मी 😄

तांबडापांढरा

आमच्यात पोरी पण जातो, येतो, जेवलो म्हणतात ओ. पुण्यापर्यंत बातमी पोचली नाय वाटतं अजून.

पुणेरी_मी

माफी असावी ताई. सल्ला तोच राहील.

रोटोवाला_शिवाजीपेठ

ताई, मी या लाइनीत अकरा वर्षं आहे, आत्ता व्हँकुव्हरला कंपोझिटर आहे (वेगवेगळी चित्रं जोडून एक शॉट करणारा), त्यामुळे जरा लांब लिहितो, चहा घेऊन बस.

मी शिवाजी विद्यापीठाचा बीएस्सी, आर्टशी काही संबंध नाही. मुंबईला रोटोच्या नाइट शिफ्टला लागलो. रोटो म्हणजे काय तर सिनेमातल्या माणसाची कड फ्रेमागणिक कापायची. सेकंदाला २४ फ्रेम, पाच सेकंदाचा शॉट म्हणजे १२० वेळा तोच खांदा, तेच केस. एका हिरोइनच्या उडणाऱ्या केसांवर मी चार रात्री काढल्यात, सिनेमा लागला तेव्हा तो शॉट डोळ्याची पापणी लवेपर्यंत संपला. पण त्या तीन वर्षांत डोळा तयार झाला, आणि मुख्य म्हणजे कंपनीची दुसरी ऑफिसं लंडन आणि व्हँकुव्हरला होती त्यामुळे तिकडचे सुपरवायझर रोज माझं काम स्क्रीनवर बघत होते. नंतर इंग्लंडला एक वर्षाचा मास्टर्स केला तेव्हा वर्गातली निम्मी पोरं सॉफ्टवेअर शिकत होती आणि मी शॉट पूर्ण करत होतो. पहिली नोकरी मिळाली ती मुंबईत माझं काम बघितलेल्या माणसामुळे. युनिव्हर्सिटीनं काय दिलं तर त्या देशात राहायचा परवाना, रिकामा वेळ आणि पुढे कंपन्यांत गेलेले वर्गमित्र. हे तिन्ही मोलाचं आहे, मी नावं ठेवत नाही, पण ते तुला कॅरेक्टर बनवायला शिकवणार नाहीत, ते तुला आधीच येत असलं पाहिजे.

आता व्हिसाचं, कारण एजंट हे सांगत नाहीत. इंग्लंडला मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट रूट नावाच्या व्हिसावर दोन वर्षं थांबता यायचं. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. एक वर्षाचा कोर्स आत्ता धरणारे सगळे त्यात येतात. त्यानंतर थांबायचं तर कंपनीनं स्किल्ड वर्कर व्हिसावर घ्यायला लागतं, त्याला पगाराची अट वर्षाला साधारण ४१,७०० पौंड, नवख्यांना सवलतीनं ३३,४००. ज्युनिअर मॉडेलरला एवढा पगार देणारे स्टुडिओ बोटावर मोजण्याइतके. कॅनडात मास्टर्सवाल्याला तीन वर्षांचं वर्क परमिट मिळतं, पण कॉलेजचा डिप्लोमा असेल तर नोव्हेंबर २०२४ पासून विषयांची यादी आलीय, तुझा विषय यादीत नसला की शिकून झाल्यावर टाटा बाय बाय. व्हँकुव्हरला डिप्लोमा विकणारे हे सांगायचं सोईस्कर विसरतात.

आणि एक, ही लाइन सरकारांच्या सवलतीवर चालते. ज्या देशात व्हीएफएक्सच्या (सिनेमातल्या कॉम्प्युटर इफेक्टच्या) खर्चातला जास्त पैसा टॅक्समधून परत मिळतो तिकडं काम पळतं. म्हणून माणसं पण बोचकं उचलून लंडन, माँट्रियल, व्हँकुव्हर फिरत राहतात. २०२३ ला हॉलिवूडचे लेखक मे पासून संपावर, मग जुलैत अ‍ॅक्टर पण, मी पाच महिने घरी होतो. फेब्रुवारी २०२५ ला टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी कंपनी कोसळली, एमपीसी, द मिल सगळी जुनी नावं त्यातलीच, लंडनपासून बंगळुरूपर्यंत माणसं एका आठवड्यात रस्त्यावर. हे घाबरवायला नाही सांगत. डोक्यावर ३४ लाख असताना असं झालं तर काय, एवढाच विचार कर.

तुझं काम बघायचंय, लिंक टाक.

शाडूमाती

बाप रे. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. लिंक टाकलीय प्रोफाइलमधे. ड्रॅगन आहे, एक सायबर सामुराई, दोन राक्षस.

रोटोवाला_शिवाजीपेठ

बघितलं. हात चांगलाय, खोटं नाही बोलत. पण ताई असला सामुराई मी या आठवड्यात चाळीस वेळा बघितलाय. कुंभार गल्लीतली पोरगी आहेस हे त्यात कुठंच दिसत नाही.

परतफेड

मी तो दुसरा नमुना, म्हणजे कर्ज काढून गेलेला आणि परत आलेला. इचलकरंजीचा. लंडनजवळ एक युनिव्हर्सिटी, नाव घेत नाही, वर्गात ७० जणं त्यातली ६० तरी आपल्याकडची, स्टुडिओत मशीन २०, त्यामुळे रेंडर (मशीनकडून फायनल चित्र काढून घेणं) लावायला रात्री अकराला नंबर यायचा. आठवड्याला शिकवणं आठ तास. बाकीचा वेळ वेअरहाउसमधे खोकी उचलली कारण भाडं थांबत नाही. शोरील, म्हणजे आपल्या कामाचा छोटा व्हिडिओ, करायला म्हणून गेलो आणि शोरील करायलाच वेळ मिळाला नाही, हे कळायला मला सहा महिने लागले.

आता हिशोब बघ. ३० लाख, ११ टक्के, दहा वर्षं, हप्ता महिन्याला ४१ हजारांच्या वर. शिकत असताना हप्ता नसतो पण व्याज चालूच असतं, ते मागनं मुद्दलात येऊन बसतं. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका तारण मागत नाहीत, त्याच्यावर गेलं की घराचे कागद. मी आता पुण्यात गेम कंपनीत आहे, काम आवडतं, पण पगार आला की आधी बँक घेऊन जाते आणि उरलेल्यात मी. वडलांनी एकदा पण बोलून दाखवलं नाही, तेच जास्त लागतं.

जाऊ नको म्हणत नाही. पण तुझं काम न बघता ज्यांनी तुला अ‍ॅडमिशन दिलं त्यांच्याकडं जाऊ नको. चांगल्या ठिकाणी पोर्टफोलिओ बघतात, इंटरव्ह्यू घेतात आणि नाही पण म्हणतात.

फाइलवाले_सर

मुली, शिष्यवृत्तीचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी अशाच अर्जांच्या फायली बघतो. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसीसाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीच्या मुलांना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, मराठा समाजाच्या मुलांसाठी सारथी या सरकारी संस्थेची. यात फी, राहण्याचा खर्च, विमान भाडं बसतं, म्हणजे घराचे कागद घरातच राहतात.

पण आर्टवाल्यांची इथं एक गंमत होते. अट असते क्यूएस या युनिव्हर्सिट्यांच्या जागतिक रँकिंगमधे पहिल्या २०० च्या आत युनिव्हर्सिटी पाहिजे. लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला आणि डिझाइनच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं पहिलं आहे. पण तिथे फक्त कलाच शिकवतात, म्हणून ते सर्वसाधारण यादीत येतच नाही. युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स लंडनचं तेच. गेल्या वर्षी एक मुलगा असाच अडकला, जगातल्या एक नंबरच्या कॉलेजचं पत्र हातात आणि फाइल बाद. त्याला मी काय सांगणार, शासनाचा नियम.

तेव्हा शोधायचं असं की मोठ्या युनिव्हर्सिटीच्या पोटात आर्ट स्कूल कुठे आहे. एडिंबरा कॉलेज ऑफ आर्ट २०११ ला एडिंबरा युनिव्हर्सिटीत विलीन झालं, तिथे अ‍ॅनिमेशन आहे. लंडनला यूसीएल युनिव्हर्सिटीत स्लेड हे आर्ट स्कूल. फिनलंडची आल्टो, तिथलं जुनं आर्ट कॉलेज २०१० पासून इंजिनिअरिंग आणि कॉमर्सबरोबर एक झालं. मेलबर्नला आरएमआयटी. ही सगळी २०० च्या आत बसतात. दरवर्षी जाहिरात नीट वाचायची, उत्पन्नाची आणि मार्कांची अट बदलत असते.

दुसरं, तुझा जीडी आर्ट डिप्लोमा आहे, पदवी नाही. मास्टर्सला बहुतेक ठिकाणी पदवी मागतात. हे तुझ्या त्या कन्सल्टन्सीवाल्यांनी सांगितलं का?

शाडूमाती

नाही सर. एक शब्द नाही.

कासेलकर_ताई

अगं मी अगदी याच खड्ड्यातून गेलेय. मी मंगळवार पेठेतली, जर्मनीत कासेलला असते, अ‍ॅनिमेशन आणि इलस्ट्रेशन करते. माझा पण डिप्लोमाच होता. मग मुक्त विद्यापीठातनं बीए केलं नोकरी करत करत, त्यात तीन वर्षं गेली आणि तेव्हा रडायला यायचं, पण त्याच तीन वर्षांत शिवाजी विद्यापीठात जर्मन शिकले. जर्मनीत जायचं असेल तर भाषा आजच सुरू कर, आर्ट स्कूलमधे सगळी चर्चा जर्मनमधे चालते, आणि आर्ट स्कूलमधे चर्चाच जास्त असते बाई.

बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांत फी नाही, सेमिस्टरला काहीशे युरो भरायचे आणि त्यात बस ट्रेनचा पास पण येतो. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १५०० युरो आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला दाखवायला लागतात, ते तुझेच असतात, महिन्याला ९९२ सुटतात. भारतातल्या मुलांना आधी एपीएसचं, म्हणजे शिक्षणाचे कागद तपासल्याचं, सर्टिफिकेट काढायला लागतं, त्याला वेळ धर. शिकून झालं की काम शोधायला १८ महिने मिळतात. आणि फ्रीलान्स कलाकार झालीस तर कुन्स्टलरसोत्सियालकासं म्हणून भानगड आहे (हे नाव पाठ करायला मला महिना लागला), त्यात कलाकाराच्या इन्शुरन्सचा आणि पेन्शनचा अर्धा वाटा ते भरतात. हे माझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, चित्रं काढणाऱ्यांना पेन्शन? परत परत विचारत होती.

आता मुख्य. इथे प्रवेशाला माप्पं लागतं, म्हणजे पोर्टफोलिओ. माझ्या माप्पेत पंचवीस चकचकीत डिजिटल चित्रं होती आणि तळाला एक जुनी वही, नुसती जागा भरायला टाकलेली. वहीत काय तर गंगावेशीतल्या म्हशी. दूध कट्ट्यावर सकाळी जाऊन बसायचे मी, धार काढताना म्हैस मागचा पाय कसा टाकते, शेपूट कुठं जाते, गवळ्याचा गुडघा कुठं टेकतो, दीडशे पानं होती नुसती. प्रोफेसर बाईंनी डिजिटल चित्रं पत्ते पिसल्यासारखी उलटली आणि त्या वहीवर थांबल्या. वीस मिनिटं मला म्हशीच्या पायाबद्दल विचारत होत्या, माझ्या मोडक्या जर्मनमधे मी सांगतेय, शेवटी उठून करून दाखवलं. प्रवेश त्या म्हशींमुळे झाला.

तुझ्याकडे तर साचा, शाडू, आखणी सगळं आहे, आणि तू राक्षस कसले दाखवतेस? रोटोवाले दादा बरोबर बोलले. शिवाय तू फक्त थ्रीडीच का धरून बसलीस ते मला कळलं नाही. स्टॉप मोशनला हातानं बाहुल्या करणारी माणसं लागतात, आत सांगाडा, वर माती नाहीतर सिलिकॉन, आणि फ्रेमागणिक हलवायची. ब्रिस्टलची आर्डमन कंपनी १९७२ पासून तेच करतेय. बोर्नमथच्या आर्ट्स युनिव्हर्सिटीत मॉडेल मेकिंगची अख्खी डिग्री आहे. प्रागच्या दामू या नाट्यशाळेत ऑल्टरनेटिव्ह आणि पपेट थिएटरचा विभाग आहे, आणि चेक भाषेत शिकायची तयारी असेल तर तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटीत परदेशी मुलांनाही फी नाही. री-अ‍ॅनिमा म्हणून युरोपियन युनियनच्या इरास्मस योजनेतला एक मास्टर्स आहे अ‍ॅनिमेशनचा, बेल्जियम, पोर्तुगाल, फिनलंड तीन देशांत फिरून, इरास्मस मुंडुसची स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो हातात. या लोकांना हात असलेली माणसं पाहिजेत गं. मूर्तीच्या आतला सांगाडा कुठं जाड कुठं बारीक ठेवायचा हे तुला सहावीपासून माहितीय, माझ्या वर्गातली पोरं ते युट्यूबवर शोधतात.

तांबडापांढरा

म्हशीला ऑस्कर द्या आता 🐃

पुणेरी_मी

विनोद सोडा, ताईंनी जे लिहिलंय ते छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. फक्त एक पुरवणी, यूजीसीने २०२२ पासून दोन कोर्स एकाच वेळी करायला परवानगी दिलीय, त्यामुळे डिप्लोमा संपायची वाट न बघता मुक्त विद्यापीठाचा अर्ज आत्ताच करता येतो का ते बघावं.

रोटोवाला_शिवाजीपेठ

मी पण एक जोडतो. पोर्टफोलिओत नुसती तयार मूर्ती नको. माती मळण्यापासून दाखव, तीच मूर्ती मग झीब्रशमधे कशी केलीस ते शेजारी ठेव. शोरील दीड मिनिटाच्या वर नको, सगळ्यात भारी काम पहिल्या दहा सेकंदांत, कारण बघणारा दहाच सेकंद देतो. आणि एखाद वर्ष पुण्या-मुंबईत नोकरी कर, ज्युनिअर म्हणून, पैसे कमी मिळतील पण दुसऱ्याच्या पैशानं चुका करायला मिळतील.

शाडूमाती

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, गणपतीची घाई होती.

कन्सल्टन्सीचे दोन फोन आले, सीट जाईल म्हणाले, जाऊ दे म्हटलं. मुक्त विद्यापीठाची माहिती काढली, बीए धरतोय. जर्मनच्या क्लासची चौकशी केलीय. आप्पांना तीन वर्षांचं सगळं वहीत मांडून दाखवलं, ते काय बोलले नाहीत पण वही ठेवून घेतली स्वतःकडं.

परवा रात्री त्यांची डोळ्यांची आखणी शूट केली. ते काम रात्रीच करतात, गल्ली शांत झाल्यावर, दम धरून एका झटक्यात भुवई ओढतात आणि मग श्वास सोडतात, लहानपणापासून बघतोय पण मोबाइलमधे मोठं करून बघितल्यावर पहिल्यांदा कळलं की ब्रश हलतच नाही, मनगट पण हलत नाही, ते अख्खे खांद्यातून वळतात. तिसऱ्या मूर्तीला स्वतःच थांबले आणि म्हणाले, त्या बाजूनं घे, माझा हात आड येतोय तुला. मग लाइट पण स्वतःच सरकवला.

एक अडचण आहे. मधेच लाइट गेली तेव्हा त्यांनी महावितरणला एक कोल्हापुरी शिवी हासडलीय, एकदम खणखणीत आलीय रेकॉर्डिंगमधे. पोर्टफोलिओत ठेवू का कापू?

कासेलकर_ताई

ठेव. खाली सबटायटल टाक.